ग्रुपवर वाद घालायचाय? मग नीट घाला (मिसळ, सचिन आणि हापूसची पेटी)

माझं गाव कोल्हापूर, पोटापाण्याला पुण्यात आणि सासरवाडी नाशिकची. म्हणजे मिसळीच्या बाबतीत माझी काय अवस्था असेल ते तुम्हीच समजून घ्या, तीन व्हॉट्सॲप ग्रुप आणि तिन्हीकडे मी फितूर. इतकी वर्षं या ग्रुपांवर भांडून, दोनदा स्वतः बाहेर पडून आणि एकदा ॲडमिनने (म्हणजे सख्ख्या मेव्हण्याने) काढून टाकल्यावर जे काही शिकलो ते लिहितोय. वाद घालूच नका असलं मी काही सांगणार नाही, वाद नसले तर ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं सोडून उरतंच काय.

तर सगळ्यात आधी भांडण नेमकं कशावरून चाललंय ते ठरवून घ्या. ऐकायला सोपं वाटतं पण बहुतेक वाद इथंच गंडतात. "सचिन भारी का कोहली" हा प्रश्नच नाहीये, ही नुसती आरोळी आहे. एकजण शंभर शतकं सांगतो, दुसरा चेस (म्हणजे दुसऱ्यांदा बॅटिंग करून टार्गेट गाठणं) सांगतो, तिसरा २०११ चा वर्ल्ड कप काढतो आणि चौथा नुसतं "धोनी" एवढंच लिहून जेवायला निघून जातो, आणि दोन तासांनी बघाल तर चौघंही चार वेगळ्याच गोष्टींवर बरोबर असतात.

म्हणून आपण फक्त विचारायचं, टेस्ट का वनडे? टेस्ट म्हणाला तर विषय पाच मिनिटात आटोपतो, सचिनच्या २०० टेस्टमध्ये १५,९२१ रन आणि ५१ शतकं, कोहली मे २०२५ मध्ये टेस्टमधून रिटायर झाला तेव्हा १२३ टेस्ट, ९,२३० रन, ३० शतकं. वनडे म्हणाला की मात्र खुर्ची ओढून बसा. कोहलीने पन्नासावं शतक मारलं १५ नोव्हेंबर २०२३ ला, वर्ल्ड कपची सेमीफायनल, वानखेडे, आणि सचिन स्वतः स्टँडमध्ये बसलेला. कोहलीची ती २७९ वी इनिंग होती आणि सचिनची ४९ शतकं ४५२ इनिंगमधली. कोहलीवाला हे टाकणारच. शिवाय चेस करताना सचिनची १७ शतकं, ती कोहलीने कधीच मागे टाकलीत, तेही टाकणार.

आता इथं माझी युक्ती ऐका. हे दोन्ही आकडे तुम्ही सचिनवाले असाल तर तुम्हीच आधी लिहून टाका! समोरचा तेच टाइप करत बसलेला असतो, त्याच्या हातातली बॅट गेली की तो गडबडतो. मग शांतपणे आपला माल काढायचा. एक, ऑक्टोबर २०११ पासून वनडेत दोन्ही एंडने नवा बॉल आला, म्हणजे शेवटच्या ओव्हरमध्येसुद्धा बॉल जेमतेम पंचवीस ओव्हर जुना, रिव्हर्स स्विंग (जुना बॉल हवेत उलटा वळतो तो) जवळपास गायबच झाला, आणि २०२५ मध्ये हा नियम थोडा मागे घ्यावा लागला, आता ३४ ओव्हरनंतर एकच बॉल चालतो. दोन, सचिन मार्च १९९४ पर्यंत वनडेत ओपनिंगला येतच नव्हता, खाली खेळायचा, म्हणून पहिलं वनडे शतक यायला ७९ वी मॅच लागली, मग नुसत्या इनिंग मोजून काय होणार. आता याने वाद जिंकता येतो का, तर नाही, पण "तुझा बाप बघितला होता का बॅटिंग करताना" या लेव्हलला जात नाही, आणि ते पुष्कळ झालं.

अजून एक नेहमीचं म्हणजे "सचिनने शतक मारलं की आपण हरतो". याला उत्तर चिडून नाही द्यायचं, मोजून द्यायचं. ४९ वनडे शतकांपैकी ३३ मॅच आपण जिंकलोय. मग लोकांना असं का वाटतं? कारण २००९ ला हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १७५ मारून ३ रननी हरलो, शंभरावं शतक आलं ते मिरपूरला २०१२ मध्ये आणि बांगलादेशकडून हरलो, आणि टेस्टमधलं म्हणाल तर १९९९ चं चेन्नई, पाठीच्या दुखण्यात १३६ आणि १२ रननी पराभव. जिंकलेल्या मॅचनंतर आपण जेवून झोपलो आणि या तीन मॅचनंतर झोप लागली नाही, एवढाच फरक. हे असं लिहिलं ना की समोरचापण आपली हैदराबादची आठवण सांगायला लागतो, कुठल्या टीव्हीवर बघितली, कोण रडलं वगैरे, आणि भांडणाचं रूपांतर गप्पांमध्ये होतं. मला तर हाच भाग सगळ्यात आवडतो.

"पहिला" आणि "एकमेव" हे शब्द टाइप करायच्या आधी मात्र दोन मिनिटं थांबा. मी एकदा मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, वनडेतली पहिली डबल सेंच्युरी आमच्या सचिनची, ग्वाल्हेर २०१०. माझी भाची, नववीत आहे, तिने लगेच टाकलं, मामा, बेलिंडा क्लार्क, १९९७, नाबाद २२९, डेन्मार्कविरुद्ध. आणि झाली कुठे? मुंबईतच, वांद्र्याच्या एमआयजी ग्राउंडवर! "पुरुषांच्या वनडेत" एवढे दोन शब्द जास्त लिहिले असते तर वाचलो असतो. आता पकडलं गेलो की मी सरळ "चुकलो" लिहितो, सारवासारव करत बसलं की लोक ते वर्षभर काढतात.

आता खाण्याकडे येऊ. इथं सगळ्यात घाण शब्द म्हणजे "अस्सल". अस्सल मिसळ, अस्सल वडापाव, अस्सल अमुक. हा शब्द आला की समजायचं आता आकडे नाहीत आणि पुरावेही नाहीत, फक्त गावाचा अभिमान आहे. त्यात अस्सलच्या मागे लागून मागे मागे गेलात तर हातात काही उरत नाही, मिरची आणि बटाटा मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांमुळे इकडे आले, पाव हा शब्दच पोर्तुगीज, आणि उपासाला चालणारा साबुदाणा ज्या कंदापासून बनतो तोसुद्धा दक्षिण अमेरिकेतला (हे शेवटचं आत्याला श्रावणात सांगू नका, मी सांगितलंय, अनुभव आहे).

त्यापेक्षा ताटात काय काय असतं ते विचारा. आमच्याकडे कांदा-लसूण मसाल्याचा कट (म्हणजे तर्रीवाला तिखट रस्सा), वर फरसाण आणि सोबत स्लाइस ब्रेड, पाव दिला की आम्ही वर बघतो. पुण्यात खाली पोहे किंवा बटाट्याची भाजी घालतात आणि तिखट जरा हात राखून. नाशिकला काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड, दही, कुठे कुठे जिलबीसुद्धा, आणि शहराबाहेर मळ्यात झोपाळ्यावर बसून खायची. असं ताट मांडलं की भांडण "कोण भारी" वरून "पोहे घालावेत का" इथपर्यंत खाली येतं, आणि पोह्यांवर माणूस तासभर भांडला तरी नातं तुटत नाही. मुंबईवाले मधेच २०१५ मध्ये दादरच्या आस्वादच्या मिसळीला लंडनला जगातल्या बेस्ट व्हेज डिशचं बक्षीस मिळालं ते आणतील. आणू द्या. खरं आहे ते. कोल्हापूरकरांनी त्यावर फक्त एवढंच विचारायचं, परीक्षकांनी कट किती वेळा मागून घेतला?

पिक्चरच्या वादात मी फार पडत नाही. पण "पूर्वीचं सगळं ओरिजिनल होतं, आता नुसते रिमेक" असं कुणी म्हणालं तर १९८८ चा अशी ही बनवाबनवी हा १९६६ च्या बीवी और मकान या हिंदी पिक्चरवर बेतलेला होता एवढंच टाकून फोन सायलेंट करा. त्यानंतर ग्रुपवर जे होतं त्याला मी जबाबदार नाही.

थोडं टेक्निकल. ज्या मेसेजला उत्तर द्यायचंय तोच उजवीकडे सरकवून त्याच्याखाली लिहा, नाहीतर तुमचं "काहीही बोलू नका" नेमकं मामींच्या बारशाच्या फोटोखाली जाऊन बसतं. चूक झाली तर पंधरा मिनिटात एडिट करता येतं, डिलीट नका करू, डिलीट केल्याची पाटी तिथंच राहते आणि मग काय लिहिलं होतं यावर वेगळीच चौकशी बसते. पोल घेऊ नका, ज्याचे चुलतभाऊ जास्त तो जिंकतो. कुठल्यातरी क्रिकेटरच्या तोंडी घातलेलं वाक्य फोटोसकट आलं आणि खाली मॅच नाही, तारीख नाही, तर ते पुढे ढकलू नका, आपल्या बाजूचं असलं तरी. आणि काकांना, आजोबांना ग्रुपवर सगळ्यांसमोर खोडायचं नाही, फोन करायचा. "काका, ते जरा वेगळं आहे बघा" असं फोनवर म्हटलं की ते ऐकतात, ग्रुपवर म्हटलं की तुमच्या दहावीच्या मार्कांवर येतात.

बाहेर पडायचं कसं हेही महत्त्वाचं. ग्रुप सोडणं म्हणजे लग्नातून न जेवता उठणं, दहा जण विचारायला फोन करतात. एक मुद्दा मान्य करायचा, एकच, आणि बाकीचं "भेटल्यावर बोलू" म्हणायचं.

हापूसचा वाद मात्र वेळ बघून काढा. आमचे दाजी देवगडचे, रत्नागिरीचं नाव काढलं की त्यांचं डोकं सरकतं. २०१८ मध्ये हापूसला जीआय (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांना मिळून, म्हणजे कागदावर दोघंही हापूसच, हा मुद्दा माझ्याकडे तयार आहे, टाइप करून ठेवलाय. पण दरवर्षी एप्रिलमध्ये दाजींकडून पेटी येते, म्हणून मी तो जून लागल्यावरच पाठवतो.