ऑस्ट्रेलियात कॅरेक्टरवरून (म्हणजे गुन्हे, वागणूक यावरून) व्हिसा कॅन्सल झाला तर

१२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली आणि माणूस जेलमध्ये असला की मायग्रेशन ॲक्टच्या कलम ५०१ खाली व्हिसा आपोआप कॅन्सल होतो, मग पत्र मिळाल्यापासून २८ दिवसांत रद्द करणं मागे घ्या असा अर्ज टाकायचा, मुदत वाढवून मिळत नाही, त्यामुळे कागद अर्धे असले तरी आधी अर्ज टाका बाकीचं मागून पाठवा. नुसतं 'चांगला माणूस आहे' लिहून कोणी भीक घालत नाही, पोरांच्या शाळेचं पत्र, दारू सोडायच्या कोर्सचं सर्टिफिकेट, मालकाचं पत्र (त्याला गुन्हा माहितीय असं त्यात हवंच) हे लावा. नकार आला तर ट्रिब्युनलकडे (सरकारी निर्णय पुन्हा तपासणारी संस्था) अर्ज करायला फक्त ९ दिवस! इमिग्रेशनच्या मंत्र्याने स्वतः निर्णय घेतला असेल तर मात्र थेट फेडरल कोर्ट, तिथे वकील घेतलेलाच बरा.