यू-कोडची रांग लागली तर आधी मल्टिमीटर काढा

सांगलीत पाणी ओसरलं की अशा गाड्या येतातच, डॅशबोर्डवर सगळे दिवे, स्कॅनरवर यू०१०० सारखे कोड (म्हणजे गाडीतली कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलत नाहीत), आणि कुणीतरी लगेच ईसीएम (इंजिनचं कंट्रोल युनिट) बदला म्हणून मोकळं होतं. त्याआधी हे करा.

१. इग्निशन बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून पाचेक मिनिटं थांबा.
२. ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात) ६ आणि १४ नंबर पिनमधला रेझिस्टन्स मोजा.

६० ओहमच्या आसपास आला तर मेन कॅन लाईन (ही युनिट जिच्यावरून बोलतात ती दोन वायरींची जोडी) बहुतेक ठीक. १२० म्हणजे लाईनच्या एका टोकाचा रेझिस्टर गेलाय नाहीतर वायर तुटलीय, ऊसपट्ट्यात उंदरांनी वायर कुरतडलीय का ते आधी बघा. शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी शॉर्ट, मग एकेक मॉड्यूलचा (कंट्रोल युनिटचा) कनेक्टर काढत जायचं, कुठला काढल्यावर आकडा वर चढतो ते कळतंच.

मल्टिमीटरचे प्रोब सॉकेटात ठोसू नका, पिना पसरतात. आणि गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाईनींच्या मधलं युनिट) असलेल्या गाडीत हे आकडे जुळतीलच असं नाही.