अर्धवेळ कामगारांची पीएफ-पेन्शन: तास नव्हे, नोंदी तपासा

हाउसकीपिंगच्या बायका, शाळेतले अर्धवेळ शिपाई, रुग्णालयात चार तासांच्या पाळीवर येणारे सफाई कामगार, कँटीनमधले वाढपी. या सगळ्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आम्ही पार्टटाइम, आम्हाला कुठली पेन्शन?" हा समज चुकीचा आहे, आणि त्याचा फायदा नेहमी मालकालाच होतो. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात कामगाराच्या व्याख्येला तासांची अट नाही. आस्थापनेच्या कामासाठी मजुरीवर ठेवलेला माणूस, थेट असो वा ठेकेदारामार्फत, त्यात बसतो. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो आणि ती वीस माणसं मोजताना अर्धवेळ आणि कंत्राटी कामगारही धरावे लागतात.

व्याख्या किती रुंद आहे हे मराठवाड्यातल्याच एका खटल्यात ठरलं. गोदावरी गारमेंट्स ही मराठवाडा विकास महामंडळाची उपकंपनी. ती बायकांना कापलेलं कापड, दोरा आणि बटणं द्यायची. बायका घरी बसून, स्वतःच्या मशीनवर, नगावर कपडे शिवायच्या. त्यांना हजेरी नव्हती आणि कामाचे तासही ठरलेले नव्हते. तरीही 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पीएफ कायद्याखालचे कामगार मानलं. मग कारखान्याच्या आवारात रोज चार तास राबणाऱ्याला "तू बसत नाहीस" असं कोणी सांगत असेल, तर युनियनने हा निकाल समोर ठेवावा.

पैसा कुठे जातो

तुमच्या पगारातून 12 टक्के कापले जातात आणि ते सगळे पीएफमध्ये जातात, पेन्शनमध्ये त्यातला एक रुपयाही जात नाही. मालकही 12 टक्के भरतो. त्यातले 8.33 टक्के पेन्शन फंडात, म्हणजे ईपीएस-95 मध्ये जातात आणि उरलेले 3.67 टक्के पीएफमध्ये. केंद्र सरकार पेन्शन फंडात आणखी 1.16 टक्के घालतं. हा हिशेब मूळ पगार अधिक महागाई भत्त्यावर होतो. पेन्शनसाठी त्याची कमाल मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासून महिना 15,000 रुपये आहे, त्यामुळे मालकाकडून पेन्शन फंडात जास्तीत जास्त 1,250 रुपये जमा होतात. अर्धवेळ कामगाराचा पगार सहसा या मर्यादेच्या खालीच असतो.

पीएफच्या पासबुकात पेन्शनचा रकाना वेगळा असतो आणि त्यावर व्याज दिसत नाही. ते बघून अनेकजण घाबरतात. पण पेन्शन त्या रकान्यातल्या रकमेवरून काढतच नाहीत. तिचं सूत्र वेगळं आहे:

पेन्शनपात्र पगार × पेन्शनपात्र सेवेची वर्षं ÷ 70

पेन्शनपात्र पगार म्हणजे शेवटच्या 60 महिन्यांची सरासरी. 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी पगाराची मर्यादा 6,500 धरतात, नंतरच्या सेवेसाठी 15,000. सेवेत सहा महिने किंवा जास्तीचा तुकडा उरला तर तो पूर्ण वर्ष मानतात. सेवा 20 वर्षं किंवा जास्त झाली की दोन वर्षं वरून मिळतात.

उदाहरण घ्या. एका बाईच्या पगाराची शेवटच्या पाच वर्षांची सरासरी 6,000 रुपये आणि सेवा 22 वर्षं. दोन वर्षं वाढीव धरून 24. म्हणजे 6,000 × 24 ÷ 70 = 2,057 रुपये महिना. हीच बाई 19 वर्षांवर थांबली, तर 6,000 × 19 ÷ 70 = 1,628. म्हणून अठरा-एकोणीस वर्षं झालेल्या कामगाराने हिशेब न करता राजीनामा देऊ नये.

किमान पेन्शन 1,000 रुपये आहे, तीही सप्टेंबर 2014 पासून तिथेच अडकलेली. तोंडी हिशेब सोपा आहे: सरासरी पगार गुणिले वर्षं 70,000 च्या खाली येत असेल, तर सूत्राने हजारापेक्षा कमी निघतं आणि किमान रक्कम लागू होते. आजच्या बाजारात हजार रुपयांत गॅस सिलिंडर आणि थोडं दूध येतं. ही रक्कम वाढवण्याची मागणी रास्तच आहे. पण ती मान्य होईपर्यंत आहे तो हक्क नोंदीअभावी गमावू नये.

एनसीपी: ज्या रकान्यात पेन्शन बुडते

मालक दर महिन्याला पीएफ कार्यालयात एक ऑनलाइन विवरण भरतो, त्याला ईसीआर म्हणतात. त्यात प्रत्येक कामगाराची एक ओळ असते. चार तास काम करणाऱ्या, एकूण पगार 7,200 आणि मूळ अधिक महागाई 6,000 असलेल्या कामगाराची ओळ बरोबर भरली, तर अशी दिसते: यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफ सभासदाचा क्रमांक), नाव, एकूण पगार 7,200, पीएफ पगार 6,000, पेन्शन पगार 6,000, विमा पगार 6,000, कामगाराचा हिस्सा 720, पेन्शनचा हिस्सा 500, मालकाचा उरलेला हिस्सा 220, एनसीपी दिवस 0, परतावा 0.

शेवटून दुसरा रकाना एनसीपीचा. ज्या दिवसांचा पगार नाही, म्हणून वर्गणीही नाही, ते दिवस इथे लिहितात. बिनपगारी रजा, खाडे, टाळेबंदीचे बिनपगारी दिवस यात येतात. साप्ताहिक सुट्टी किंवा भरपगारी रजा यात येत नाही.

घोटाळा इथेच होतो. कामगार महिन्याचे 26 दिवस येतो, रोज चार तास. ठेकेदाराचा कारकून दोन अर्ध्यांचा एक पूर्ण दिवस करून हजेरी 13 लावतो आणि एनसीपीत 13 लिहून मोकळा होतो. पगार तेवढाच हातात पडतो, पीएफही तेवढाच कापला जातो. त्यामुळे कोणाला काही कळत नाही. पण सेवा मोजताना हे दिवस वजा होतात. महिन्याला 13 म्हणजे वर्षाला 156 आणि 14 वर्षांत 2,184 दिवस, जवळजवळ सहा वर्षं. उरली आठ. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते, म्हणजे 14 वर्षं राबूनही पेन्शन नाही.

इथे एक बारकावा आहे. सरासरी पगार काढताना एकूण पगाराला ज्या दिवसांचा पगार मिळाला त्या दिवसांनी भागून 30 ने गुणतात. त्यामुळे एनसीपी दिवस जास्त असले तर सरासरी फुगते आणि पेन्शनच्या रकमेतलं नुकसान थोडं भरूनही निघू शकतं. ठेकेदार हाच मुद्दा पुढे करतात. पण दहा वर्षांचा उंबरठा आणि वीस वर्षांवर मिळणारी दोन वर्षं या दोन्हींना सरासरीचा काही उपयोग नाही, तिथे फक्त सेवेचे दिवस मोजतात.

रोज कमी तास काम करणं ही गैरहजेरी नव्हे. त्या दिवसाचा ठरलेला पगार मिळाला, वर्गणी भरली, तर एनसीपी शून्यच हवं. आठवड्यातून तीनच दिवस बोलावून दिवसाच्या हिशेबाने मजुरी देत असतील, तर न बोलावलेले दिवस एनसीपीत जातात. म्हणून अशा ठिकाणी युनियनने करार करताना "रोजंदारी" हा शब्द टाळून "मासिक वेतन, दररोज इतके तास किंवा आठवड्यात इतके दिवस" असं स्पष्ट लिहून घ्यावं. करारातली ही एक ओळ वीस वर्षांनी पेन्शन मिळवून देते.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांचा नियम निराळा. हंगामी आस्थापनेत वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षापेक्षा कमी असली तरी ते पूर्ण वर्ष धरतात. गळीत हंगाम चारच महिने चालला म्हणून सेवा तृतीयांश होत नाही. सेवेच्या हिशेबात तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

ठेकेदार बदलला की

अर्धवेळ कामगाराची पेन्शन बुडण्याचं दुसरं मोठं कारण हे. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, तीच माणसं त्याच जागी झाडू मारत राहतात. मधल्या काळात कोणीतरी सांगतं, "पीएफ काढून घ्या, नाहीतर अडकेल." पीएफसोबत फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसेही काढले जातात. हाती येतो साधारण जितकी वर्षं तितक्या महिन्यांचा पगार, आणि तेवढी सेवा कायमची पुसली जाते. पहिल्याकडे चार वर्षं, दुसऱ्याकडे तीन, तिसऱ्याकडे पाच मिळून बारा, म्हणजे पेन्शन पक्की. पहिल्या चारचे पैसे काढले की उरली आठ.

म्हणून पैशाची अगदीच नड असेल, तर पीएफच्या रकमेतून नियमात बसेल तेवढं काढा, पण 10-सी वर पेन्शनची रक्कम उचलू नका. नोकरी सुटून पुन्हा लागायची खात्री नसेल, तर त्याच 10-सी वर रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट मागता येतं. आधीची सेवा त्यावर नोंदलेली राहते आणि पुढच्या सेवेला जोडली जाते.

नवा ठेकेदार बऱ्याचदा जुना यूएएन न विचारता नवा काढतो. कामाला लागतानाच फॉर्म 11 वर जुना यूएएन लिहून द्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दोन यूएएन झालेच असतील, तर जुन्या खात्यातली रक्कम आणि सेवा चालू खात्यात बदली करून घ्या. बदली अडते ती बहुतेक जुन्या ठेकेदाराने कामगाराची नोकरी सोडल्याची तारीख न टाकल्यामुळे. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की ती तारीख सभासदाला पोर्टलवर स्वतः टाकता येते. सकाळी एका ठिकाणी आणि संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी काम असेल, तर दोन्हीकडे एकच यूएएन द्या. मात्र एकाच काळातली सेवा दोनदा मोजली जात नाही.

ठेकेदाराने वर्गणी भरलीच नाही, तर ती भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. रुग्णालय, कारखाना, महाविद्यालय यांना "तो ठेकेदाराचा प्रश्न" म्हणून हात झटकता येत नाहीत.

युनियनने दर तीन महिन्यांनी काय बघावं

मुख्य मालकाकडून ईसीआरची प्रत आणि चलन मागा. ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी मालकाने ते घेतलेलं असायला हवं. तीन गोष्टी जुळवा: मस्टरवरची हजेरी, पगारपत्रकातली रक्कम आणि ईसीआरची ओळ. पेन्शनच्या हिश्श्यात शून्य दिसलं तर थांबा. सभासद 58 वर्षांच्या, म्हणजे पेन्शनच्या वयाच्या, आतला असून पेन्शन पगार शून्य असेल, तर बहुतेक कारकुनाने कामगाराला पेन्शन लागू नाही अशी खूण केलेली असते. मालकाचे 12 टक्के पूर्ण भरलेले असतात, पण सगळे पीएफमध्ये गेलेले असतात. निवृत्तीच्या वेळी हे उघड झालं, तर दुरुस्तीला वर्षं जातात.

पगाराची फोड बघा. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवून वर्गणी वाचवतात. सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 च्या निकालात सांगितलं आहे की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मूळ पगाराचाच भाग आहे.

चूक सापडली तर आधी मालकाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर जा, किंवा दर महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्यात होणाऱ्या 'निधी आपके निकट' शिबिरात कागद घेऊन जा. एकेकट्याने जाण्यापेक्षा एका ठेक्यावरच्या सगळ्यांची एकत्र यादी द्या, कारण सगळ्यांच्या ओळीत चूक सहसा एकच असते. उशीर मात्र करू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत थकबाकीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मुदत घातली आहे.

58 च्या उंबरठ्यावर

आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख सारखी आहे का, हे पंचावन्नाव्या वर्षीच बघा. बायकांचं माहेरचं आणि सासरचं नाव, आधारवर अंदाजाने पडलेली 1 जानेवारी ही जन्मतारीख, या दोन कारणांनी सर्वाधिक अर्ज परत येतात. यूएएन आधारशी पडताळलेला असेल, तर बऱ्याच दुरुस्त्या सभासदाला ऑनलाइन करता येतात. नाहीतर मालकासोबत संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं.

पेन्शनसाठी फॉर्म 10-डी. पन्नाशीनंतर, नोकरी सुटली असेल तर, मुदतपूर्व पेन्शन मिळते. पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षाला 4 टक्के कपात होते आणि ती आयुष्यभर राहते. पन्नाशीतच घेतली तर पेन्शन जवळपास तीस टक्क्यांनी घटते. उलट 60 पर्यंत थांबलात, तर वर्षाला 4 टक्के वाढ मिळते.

वारस नोंद आजच करा. कामावर असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर विधवेच्या किंवा विधुराच्या पेन्शनला दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली पुरते. तिथेही किमान 1,000 रुपये आहेत. शिवाय 25 वर्षांखालच्या दोन मुलांना प्रत्येकी विधवा पेन्शनच्या 25 टक्के, किमान 250 रुपये मिळतात. हा अर्जही 10-डी वरच करायचा. नोकरी लागून दोनच महिने झाले होते म्हणून घरच्यांनी तो केलाच नाही, असं अनेक घरांत होतं. युनियनच्या खातेवहीत अशी नावं असतील, तर त्या घरी जाऊन अर्ज भरून घ्या.