दहावीनंतर आयटीआय: ट्रेड कोणी कोणता घ्यावा, अर्ज कसा भरावा

‘मार्क कमी पडले, टाका आयटीआयला’ असं म्हणून ट्रेड ठरवू नका. एकच काम हाताने तासन्‌तास करत राहायचा ज्याला कंटाळा नाही, आयटीआय त्याला लाभते. मार्क पन्नास आहेत की ऐंशी, हे नंतर.

हे ओळखायचं तर अर्जाआधी जवळच्या आयटीआयची कार्यशाळा बघून या. जोडारीला, म्हणजे फिटरला, सुरुवातीचे दिवस कानसच चालवावी लागते. कानस डुलली की तुकड्याच्या कडा जास्त घासल्या जातात आणि मधे फुगवटा राहतो. गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तुकडा उजेडासमोर धरला की दोन्ही टोकांना फट दिसते. मग पुन्हा घासायचं, माप ०.५ मिमीच्या आत येईपर्यंत. ती फट बघून ज्याचे हात शिवशिवतात त्याने जोडारी बेलाशक घ्यावा.

जोडारी आणि वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) दोन वर्षांचे. दहावी पास लागते. घरी लवकर पैसे हवे असतील तर संधाता, म्हणजे वेल्डर, एका वर्षात होतो. दहावी नापासांना तारतंत्री (वायरमन) घेता येतो, पण राहिलेले विषय सोडवून घ्याच. पुढे भरतीच्या जाहिरातींत दहावी मागतात.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावरून होतो. खरी चूक होते ती दोन ठिकाणी. ऑनलाइन अर्ज भरला की काम झालं असं वाटतं, पण गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला अशी मूळ कागदपत्रं आयटीआयमध्ये दाखवून अर्ज निश्चित केल्याशिवाय तो धरतच नाहीत. दुसरी चूक विकल्पांच्या क्रमाची. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून मित्राने टाकलेला ट्रेड पहिल्या क्रमांकावर नको.

खासगी आयटीआय असेल तर त्या ट्रेडला एनसीव्हीटीची संलग्नता, म्हणजे केंद्र सरकारची मान्यता (आता ती डीजीटी, म्हणजे प्रशिक्षण महासंचालनालय देतं), आहे का ते आधी विचारा. संस्थेला आहे म्हणजे प्रत्येक ट्रेडला असतेच असं नाही.

प्रवेशानंतर हजेरी ८० टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसता येत नाही. पास झाल्यावर १९६१च्या कायद्याखाली विद्यावेतनासह अप्रेंटिसशिप करता येते. ज्याला पुढे शिकायचंय, त्याने दहावीनंतर दोन वर्षांचाच ट्रेड घ्यावा, कारण त्यावर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.