गावच्या तळ्यावर पाणथळ दिवस कसा साजरा करायचा (स्टेज, डीजे आणि बुके न आणता)

२ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिवस. १९७१ साली याच तारखेला इराणमधल्या रामसर शहरात पाणथळ जागांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९९७ पासून हा दिवस साजरा व्हायला लागला, आणि आता आपल्याकडेही बऱ्याच ठिकाणी होतो. पण होतो कसा, तर तळ्यापासून लांब एखाद्या हॉलमध्ये, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, पीपीटी, चहा-बिस्किट, फोटो, संपलं. तळ्यात रोज जाळं टाकणारा माणूस त्या हॉलमध्ये नसतोच, आणि असला तर मागच्या रांगेत. माझं मत सरळ आहे, यजमान तोच हवा आणि बाकी आपण सगळे त्याचे पाहुणे. असा कार्यक्रम कसा उभा करायचा ते खाली लिहितोय, अगदी छोट्या गावालाही जमेल असं.

१. आधी तळं ठरवा

"आमच्याकडे कुठे पाणथळ आहे, साधा पाझर तलाव आहे" असं लोक म्हणतात. चालतो की. रामसर कराराच्या व्याख्येत माणसाने तयार केलेलं पाणीही बसतं. महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (त्या कराराच्या यादीतली महत्त्वाची पाणथळ जागा) नांदूर मध्यमेश्वर, ती तरी काय आहे, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी यायला लागले. त्यानंतर लोणार सरोवर आणि ठाणे खाडी यादीत आले, गोव्यात कुडचड्याचं नंदा तळंही आलं. भिगवणचं उजनीचं बॅकवॉटर धरणाचंच पाणी. विदर्भातले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, तेही माणसांनीच बांधलेले. तेव्हा गावतळं, खाडी, खाजण, धरणाचा फुगवटा, काहीही घ्या, दोनच अटी: काठापर्यंत म्हातारी माणसं आणि लहान मुलं चालत जाऊ शकली पाहिजेत, आणि त्या पाण्यावर कुणाचं तरी पोट चालत असलं पाहिजे.

२. तयारी नोव्हेंबरपासून धरा

५ ते १२ नोव्हेंबर महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो (मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत), तेव्हा एक छोटी फेरी मारा, कोण कोण उत्सुक आहे ते कळतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्यात तुमच्या तळ्याची मोजणी करून ठेवली तर २ फेब्रुवारीला सांगायला आकडे तुमचे स्वतःचे असतात, नेटवरून उचललेले नाहीत. आणि २६ जानेवारीची ग्रामसभा अजिबात सोडू नका, आठवडाभर आधी अख्ख्या गावासमोर कार्यक्रम जाहीर करायची यापेक्षा चांगली जागा नाही.

तारखेचा हट्ट मात्र धरू नका. २ तारीख आठवडी बाजाराच्या दिवशी आली तर मासेवाले येणारच नाहीत, त्यांचा धंद्याचा दिवस आहे तो. जवळच्या रविवारी घ्या, पक्षी कॅलेंडर बघत नाहीत.

३. तळं कुणाचं आहे ते शोधा, मग परवानगी

इथे जास्तीत जास्त वेळ जातो. सातबारा काढून बघा. ग्रामपंचायतीचं असेल, जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे असेल, जलसंपदाचं असेल, अभयारण्यात असेल तर वनविभागाचं. आणि मालकी कुणाचीही असो, मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यांना पहिलं भेटा, पत्र घेऊन नाही, स्वतः जाऊन, शक्यतो सकाळी जाळी काढून झाल्यावर. त्यांना न विचारता त्यांच्या काठावर शंभर माणसं नेली तर ते चिडणार आणि बरोबरच आहे त्यांचं.

४. यजमान कोण?

भोई, ढीवर, कोळी, जो समाज तुमच्याकडे पाण्यावर आहे तो. शिवाय गाळपेर करणारे शेतकरी, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत पीक घेणारे, म्हशी धुवायला आणणारे गुराखी, कमळाची फुलं काढून विकणारे, धुणं धुवायला येणाऱ्या बायका. यांच्यातली चार-पाच माणसं धरा आणि प्रत्येकाला एकच विषय द्या. "पर्यावरणावर बोला" असं सांगितलं तर कुणीच बोलणार नाही. त्याऐवजी असे प्रश्न द्या: तुमच्या लहानपणी कुठले मासे मिळायचे जे आता दिसत नाहीत? मरळ कुठे लपते? पाणी कधी हिरवं होतं? चिलापी (बाहेरून आलेला तिलापिया मासा) कधीपासून वाढली? जलपर्णी पहिल्यांदा कुठल्या टोकाला दिसली? माणूस मग तासभर थांबत नाही, थांबवावं लागतं.

यांचं मानधन ठरवा आणि आधीच सांगा. पक्षीतज्ज्ञाला पाकीट आणि नावाड्याला नुसता श्रीफळ-शाल, हे मला तरी पटत नाही, त्याची सकाळची कमाई बुडालेली असते.

भंडारा-गोंदियाकडे ढीवर समाजातल्या बायकांनी काय केलंय ते माहीत असेल तर तिथलं उदाहरण जरूर सांगा. तलावातली बेशरम (पाण्यात माजणारं झुडूप) उपटायची, तळ नांगरायचा, स्थानिक पाणवनस्पती परत लावायच्या, कारण देशी मासे त्याच वनस्पतींमध्ये अंडी घालतात आणि पिल्लंही तिथेच वाढतात. मासे वाढले की उत्पन्न वाढतं आणि पक्षीही परत येतात. आपल्या बैठकीत "मासेमार विरुद्ध पक्षीप्रेमी" असा वाद निघालाच तर त्याला हे एक उदाहरण पुरतं.

५. प्रत्यक्ष दिवस

पहाटे साडेसहाला जमायचं. फेब्रुवारीत सातच्या आसपास उजाडतं, आणि पहिले दोन तास सोन्यासारखे असतात. पूर्वेच्या काठावर उभे राहा म्हणजे सूर्य पाठीशी येतो आणि समोरचे पक्षी रंगासकट दिसतात, उलट्या काठावर गेलात तर सगळे पक्षी काळ्या सावल्या, आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. एका जाणकारामागे पंधरा-वीसच माणसं. भडक कपडे नकोत हे मेसेजमध्येच टाका. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठ पट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) बरी, चार-पाच मिळाल्या तरी फिरवून पुरतात, एखादा स्पॉटिंग स्कोप (पक्षी बघायची एकडोळी मोठी दुर्बीण) स्टँडवर लावून ठेवला तर आजीबाईसुद्धा डोळा लावून चक्रवाक बघतात.

काय दिसेल ते तळ्यावर अवलंबून, पण थंडीत साधारण थापट्या, तलवार बदक, वारकरी, तुतवार, नशीब असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस. बारमाही मंडळी आहेतच, शेकाट्या, टिबुकली, पाणकावळा, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी. यादी पाठ करून घेऊ नका. एक पक्षी घ्या आणि तो काय खातोय ते पाच मिनिटं नीट बघायला लावा, शेकाट्याचे लांब पाय आणि टिबुकलीची बुडी यावरून पाणी कुठे किती खोल आहे हे मुलं स्वतःच सांगतात. आणि हो, गावातले मासेमार प्रत्येक पक्ष्याला स्वतःचं नाव वापरतात, ते पुस्तकातल्या नावाशेजारी लिहून घ्या, हे काम दुसरं कुणी करणार नाही.

नऊच्या सुमारास नाश्ता. पोहे-चहा, स्टीलच्या ताटल्या आणि पेले, बचत गटाला ऑर्डर द्या आणि ॲडव्हान्स द्या. बायकांसाठी टॉयलेटची सोय कुठे आहे हे आदल्या दिवशी जाऊन बघून या, यावर बहुतेक आयोजक पुरुष विचारच करत नाहीत आणि मग अर्ध्या बायका आठ वाजताच घरी जातात.

नाश्त्यानंतर गट पाडा. एका गटाला पाण्याचा गढूळपणा मोजायला द्या. वीस सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची चकती, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे रंगवायचे, मध्ये भोक पाडून खुणा केलेली दोरी, खाली वजन. सावलीच्या बाजूने पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघायची, थोडी वर ओढून परत दिसली की ती खूण, दोन्हींची सरासरी. याला सेक्की डिस्क म्हणतात, जगभर वापरतात, आणि वेल्डिंगच्या दुकानात सहज बनते. (शाळेचे सायन्सचे सर खूश होतात हा बोनस.) दुसऱ्या गटाने काठावरचे चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण बारीक अंगाचे कीटक) मोजायच्या. तिसरा गट जाळी विणायला बसतो, शिकवणारे मासेमार, शिकणारे आपण, आणि इथे सगळ्यात जास्त हसणं होतं.

बोटीत बसायचं असेल तर लवकर, ऊन आणि वारा चढायच्या आत. लाइफ जॅकेट जितकी तितकीच माणसं, सेल्फीसाठी उभं राहायचं नाही, आणि नावाडी नको म्हणाला तर नको, तिथे सरपंचांचाही शब्द चालणार नाही हे आधीच माइकवरून सांगा. पक्ष्यांच्या थव्यात बोट घालायला लावू नका, थंडीत सारखं उडवलं की खाऊन साठवलेली ताकद उगाच खर्च होते, पुढे त्यांना हजारो किलोमीटर परत जायचंय.

शेवटी गोलात बसून गप्पा, वर दिलेले प्रश्न. स्टेज नको, सतरंजी. नेत्यांना बोलवायचं तर बोलवा, पण ते ऐकायला, भाषण सगळ्यात शेवटी आणि पाच मिनिटं. जेवण जमलं तर माशाचं कालवण-भाकरी, न खाणाऱ्यांना पिठलं. ताजे शिंगाडे फेब्रुवारीत मिळतीलच असं नाही, सीझन सरत आलेला असतो.

६. हे टाळा

फटाके, डीजे, फुगे, ड्रोन. कुरव पक्ष्यांना (सीगल) शेव-फरसाण टाकणं, हे तर खाडीकिनारी सर्रास चालतं आणि त्यांच्यासाठी ते खाणंच नाही. फ्लेक्स एकच करा, त्यावर तारीख न टाकता, पुढच्या वर्षी परत वापरता येतो.

दोन गोष्टींबद्दल थोडं जास्त बोलतो. एक, वृक्षारोपण. पाहुणे आले की रोपं येतातच. पण तळ्याचा उघडा चिखल आणि गवताळ काठ ही रिकामी जागा नाही, तुतवार-टिटवीचं तेच स्वयंपाकघर आहे, तिथे झाडांच्या रांगा लावल्या की त्यांची जागा गेली. लावायचंच असेल तर काठापासून लांब, रस्त्याकडेला लावा. दुसरं, श्रमदान. जलपर्णी काढा, जरूर काढा, आणि काढलेली काठावर टाकू नका, पहिल्या पावसात परत आत जाते, लांब नेऊन खत करा. निर्मळ दिसावं म्हणून सगळं पाणकणीस (काठच्या पाण्यात उगवणारं उंच, कणसाचं गवत) मात्र कापू नका, पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात. टाइल्स बसवलेला काठ आणि जॉगिंग ट्रॅक म्हणजे तळ्याचा विकास नव्हे, हे गप्पांमध्ये एकदा तरी निघू द्या.

भाषणात कायद्याची मोठी आश्वासनंही देऊ नका. २०१७ च्या केंद्राच्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव वगळलेत, त्यामुळे गावाकडची कितीतरी तळी त्या नियमांच्या बाहेर राहतात. तिथे राखण करायची ती गावानेच.

७. नंतरचं काम

बिलं आठवड्यात चुकती करा, हिशेब ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. पक्ष्यांची यादी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) टाका. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर तरी, आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही असते. मासेमारांनी सांगितलेली माशांची नावं, दिसेनासे झालेले मासे, पक्ष्यांची गावातली नावं, चकतीचं माप, सगळं त्या वहीत सांगणाऱ्याच्या संमतीने आणि त्याच्या नावासकट चढवा. वही सापडत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मग १ मेच्या ग्रामसभेत एकच मागणी ठेवा, मोठी यादी नको: सांडपाण्याचा एखादा नाला वळवणं, निर्माल्यासाठी कुंड, किंवा पाणकणसाचा एक कोपरा न कापता राखणं. मागणी मांडायला मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांना उभं करा, आणि ठराव इतिवृत्तात आलाय का ते वाचूनच घरी जा.