गल्ल्यातल्या वैष्णोदेवीच्या शिक्क्याचे खरंच लाख भेटतात का?

आमचं गावात किराणा दुकान आहे, बाजाराच्या दिवशी गल्ला चिल्लरनं भरून जाते, अन् दर हप्त्याले कोणीतरी मोबाईल घेऊन येतेच, "भाऊ हे पाय, वैष्णोदेवीवाल्या पाचच्या शिक्क्याचे दहा लाख!" नाई भेटत बाप्पा. ते नाणं २०१२ चं, पाचचं अन् दहाचं दोन्ही निघालं होतं, वापरून झिजलेलं असन तं पाचचे पाचच समजा, कोणी हौशी भेटला तं थोडेफार जास्त. दांडी यात्रेचं २००५ चं, टिळकांचं २००७ चं, ज्ञानेश्वर माऊलीचं १९९९ चं एक रुपयावालं, त्याच सालचं शिवाजी महाराजांचं दोनवालं, सगळ्यांची हीच गत. हे चलनात फिरवायलेच काढले होते, देवाचा नाईतर महाराजांचा फोटो आहे म्हणून भाव वाढत नाई.

मग पाहायचं काय? पयले चेहरा पाहा. नाक, कान, केस अजून उठून दिसत असन, टाकसाळीतून निघाल्यावर असते तशी चमक असन तं बाजूले ठेवा, बाकी गल्ल्यात जाऊ द्या. मंग सालाच्या खाली पाहा, पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण मुंबईच्या टाकसाळीची, चांदणी हैदराबादची, गोल टिंब नोएडाचं, अन् काहीच नसन तं कोलकाता. एकच डिझाईन एका टाकसाळीचं ढिगानं भेटते अन् दुसरीचं शोधत बसा लागते, भावाचा खरा खेळ इथं आहे.

लोहचुंबक ठेवा जवळ. दांडीवालं अन् टिळकांचं पाचचं दोन धातूंत आलं, स्टीलवालं चिकटते, तांबं-निकेलवालं चिकटत नाई, जमवणारे दोन्ही येगळे मोजतात. अन् १९६४ चा नेहरूंचा रुपया बऱ्याच घरी चांदीचा म्हणून देवघरात ठेवलेला असते, तो निकेलचा आहे, चुंबकाले चिकटते, आमच्या आजीले हे सांगितलं तं दोन दिवस बोलली नाई माझ्याशी. खरी चांदी १९६९ च्या गांधी शताब्दीच्या दहा रुपयाच्या नाण्यात, १५ ग्रॅम वजन अन् ८० टक्के चांदी, म्हणजे १२ ग्रॅम, त्याले आजच्या भावानं गुणा, त्याच्या खाली कोणाले देऊ नका. त्याच शताब्दीचं पिवळं वीस पैशाचं, त्यात सोनं आहे म्हणणाऱ्याले चहा पाजा अन् वाटेले लावा.

आता एक हात जोडून सांगतो, नाणं धुऊ नका, चिंच नाई, राख नाई, भांडे घासायची पावडर तं बिलकुल नाई. माझ्या चुलतभावानं चांगलं टिळकांचं नाणं घासून घासून चकाकवलं अन् घेणाऱ्यानं हातात धरून लगेच परत केलं, शेवटी खर्ऱ्यात (तंबाखू-सुपारीत) गेलं ते.

अन् फोनवर कोणी म्हणलं, तुमचं नाणं लाखाले घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे टाका, तं फोन कापा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये स्वतः सांगितलं की ते जुने नोटा-नाणे घेत-विकत नाईत अन् त्यासाठी फी बी मागत नाईत. जवळच्या शहरात नाण्यांचं प्रदर्शन लागलं तं जा, तीन-चार टेबलांवर विचारा, पयल्याच टेबलावर देऊन टाकू नका. तवर जे निवडलं ते कागदाच्या पाकिटात ठेवा, नरम प्लास्टिकच्या थैलीत ठेवलं तं उन्हाळ्यात हिरवं चिकट होते.