स्पोर्ट्स कारच्या टायरची झीज कशी मोजावी आणि कुठं रोखावी

कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली की शेजारचा बुलेटवाला खुणेनं काच खाली करायला लावतो. पहिला प्रश्न ॲव्हरेजचा, दुसरा टायरचा. "किती किलोमीटर जातात ओ हे?" सिग्नल हिरवा होईपर्यंत देता येईल असं उत्तर या प्रश्नाला नाही. माझ्या मागच्या टायरांची एक जोडी ९,००० किलोमीटरला संपली आणि त्याच कंपनीची, त्याच मापाची पुढची जोडी २१,००० ला. गाडी तीच, चालवणारा तोच, गगनबावड्याच्या फेऱ्याही साधारण तेवढ्याच. फरक कुठून आला हे कळायला दीड वर्ष गेलं.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन दारांची, सेकंडहँड घेतलेली. नाव सांगत नाही, कारण सांगितलं की टायर बाजूला राहतात आणि गप्पा गाडीवरच रंगतात. टायरचं माप पुढं २२५/४० आर १८, मागं २५५/३५ आर १८, म्हणजे मागचे जास्त रुंद. साध्या हॅचबॅकचे टायर ४०-५० हजार जातात, तसे हे जाणार नाहीत, ते आधीच मान्य करा. रस्ता घट्ट धरायचा तर रबर मऊ हवं, आणि मऊ रबर झिजतं. पण मऊ असल्यामुळं झिजणं वेगळं आणि कुणाच्या तरी चुकीमुळं झिजणं वेगळं. दुसरं आपल्याला रोखता येतं.

हवा

सकाळी, गाडी हलवायच्या आधी, दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. नायट्रोजन भरल्यानं टायर दुप्पट टिकतात म्हणणाऱ्याला सांगा, आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तोही फुकट.

नक्षी मोजा, पण तिन्ही ठिकाणी

नक्षीच्या खाचांची खोली मोजायचा डेप्थ गेज स्वस्तात मिळतो. मी शिरोलीच्या एमआयडीसीत कास्टिंगच्या मशीनिंगचं काम करतो, त्यामुळं माझ्याकडं व्हर्नियर पडलेलाच असतो. त्याची शेपटी खाचेत घालून मोजलं तरी चालतं. खाचेत मधूनमधून रबराचा छोटा उंचवटा असतो. ती १.६ मिलिमीटरची खूण आहे, त्यावर टेकवून मोजू नका. नक्षी त्या खुणेला टेकली की कायद्यानं टायर संपला.

आता महत्त्वाचं. टायरची आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन मापं प्रत्येक चाकावर घ्यायची. लोक उभ्या उभ्या दिसते ती बाहेरची कड बघतात, "अजून बक्कळ आहे की" म्हणतात आणि निघतात. रुंद टायर आणि थोडी आत कललेली चाकं असलेल्या गाडीत बाहेरची कड साफ खोटं बोलते. पुढच्या चाकांची आतली कड स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर दिसते. मागच्यासाठी मोबाईल फ्लॅश लावून टायरच्या मागं सरकवा आणि व्हिडिओ काढा, किंवा पंक्चरवाल्याकडं चाक उतरवून घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.

हात फिरवून बघायचा तर आधी नीट डोळ्यांनी बघा. मी पहिल्यांदा अंदाजानं बोटं आत घातली आणि बोट फाटलं. आतल्या कडेचं रबर पूर्ण जाऊन आतल्या पोलादी तारा बाहेर आल्या होत्या. बाहेरून त्याच टायरला तब्बल ४.८ मिलिमीटर नक्षी होती. आदल्याच रविवारी मी त्याच टायरवर आंबा घाट उतरून आलो होतो.

हिशेब

नवा टायर बसवल्यावर पहिली नोंद लगेच, दुसरी हजार किलोमीटरला, मग दर दोन हजारांना. नव्या नक्षीचे ठोकळे उंच असतात, ते जास्त डुलतात आणि सुरुवातीला पटकन झिजतात. त्यामुळं पहिल्या हजारावरून घाबरू नका.

समजा नवीन असताना ७.५ मिलिमीटर होती. ४,००० किलोमीटरनंतर बाहेरची कड ६.३ आणि आतली ४.९. बाहेर हजाराला ०.३ गेली, आत ०.६५. पावसाळ्यात मी ३ मिलिमीटरच्या खाली जात नाही, तेव्हा ३ हीच सीमा धरा. बाहेरच्या कडेच्या हिशेबानं अजून ११,००० किलोमीटर आहेत. आतल्या कडेच्या हिशेबानं २,९००. एकाच टायरवर दोन्ही आकडे. टायर आतल्या कडेचंच ऐकतो.

आत-बाहेर हजारामागं दीडपटीपेक्षा जास्त फरक दिसला, की पुढचा भाग तुमच्यासाठी आहे. नसेल, तर सोडून पुढं जा.

टो: इथं माझे पैसे गेले

आतली कड झिजली की पहिला सल्ला ठरलेला: "कॅम्बर जास्त आहे, सरळ करून घ्या." करू नका. कॅम्बर म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला असणं. वळणावर गाडी बाहेर झुकते तेव्हा टायर सपाट टेकावा म्हणून कंपनीनं तो मुद्दाम ठेवलेला असतो. त्यानं आतली कड थोडी जास्त झिजते, खरं आहे. पण तारा निघेपर्यंत टायर खाणारा चोर बहुतेक वेळा टो असतो.

टो म्हणजे वरून बघितल्यावर चाकाचं तोंड सरळ पुढं आहे की जरा आत-बाहेर वळलेलं. एका चाकाचा टो ०.२ अंशानं चुकला तर डोळ्याला काहीच दिसत नाही. पण हिशेब करा: दर किलोमीटरला ते चाक साधारण साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. १०,००० किलोमीटरला ३५ किलोमीटर. म्हणजे टायर आडवा ओढत इचलकरंजीच्या पलीकडं नेल्यासारखं. बरीचशी ओढ रबर वाकून सोसतं, म्हणून तर टायर पहिल्या दिवशीच संपत नाही. कॅम्बर असलेल्या चाकावर भार आतल्या कडेवर असतो, मग ही ओढ तिथंच रबर खाते.

ओळखायचं कसं? तारा नाहीत याची खात्री करून तळहात टायरवर आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं कानशीसारखं खरखरीत लागलं, तर टो. दोन्ही दिशांनी सारखंच गुळगुळीत पण कड मात्र कमी, तर कॅम्बर.

माझ्या तळहाताला कानस लागली म्हणून मी अलाइनमेंट, म्हणजे मशीनवर चाकांचे कोन मोजून ती सरळ लावणं, करून घेतली. पोरानं कागद हातात दिला, "सगळं ग्रीन आलंय बघा साहेब." ग्रीन बघून मी खूश. २,००० किलोमीटरनंतर मोजलं, झीज तेवढीच. दुसऱ्या दुकानात गेलो, पुन्हा ग्रीन. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्याच दुकानात. तीन वेळा पैसे भरले आणि टायर आपला झिजतोच आहे.

शेवटी उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी कागद बघितलासुद्धा नाही. गाडी वर घेतली, मागचं चाक धरून ठेवणाऱ्या आर्मच्या बुशपाशी, म्हणजे सांध्यातल्या रबरापाशी, टॉमी (लोखंडी पहार) घातली आणि हलकेच रेटली. आर्म बोटभर हलला. "आरं, सरळ करून उपयोग काय? बुडच हलतंय की!"

गाडी मशीनवर उभी असताना टो बरोबरच होता, मशीन खोटं बोलत नव्हतं. पण बुशचं रबर फाटलेलं. ॲक्सिलरेटर दिला की चाक एकीकडं, ब्रेक दाबला की दुसरीकडं. रस्त्यावर टो कधीच कागदावरचा राहत नव्हता. दोन्ही बाजूंचे बुश बदलले, मग अलाइनमेंट केली, आणि त्यानंतरच्या जोडीनं २१,००० किलोमीटर दिले.

तेव्हा क्रम असा ठेवा, उलटा करू नका. आधी बुश, बॉल जॉइंट आणि बेअरिंग टॉमी घालून तपासा. "डोळ्यांनी बघितलं, चांगलं आहे" हे उत्तर स्वीकारू नका. मग हवा बरोबर भरा, आणि टाकी किती भरलेली हवी, सीटवर वजन ठेवायचं का, ते गाडीच्या कंपनीच्या मापात बघा. काही गाड्यांना वजन ठेवूनच मापं घ्यावी लागतात. गाडी खाली बसली की टो बदलतो. आधी मागची चाकं लावायची, मग पुढची. बऱ्याच ठिकाणी फक्त पुढचा टो लावून "झालं" म्हणतात. मागचा टो लावता येणाऱ्या गाडीत हे अर्धंच काम झालं.

कागद आधीचा आणि नंतरचा, दोन्ही मागा. हिरव्या रंगावर जाऊ नका, कारण चालण्यासारख्या मापांचा पट्टा रुंद असतो आणि त्याच्या टोकाला असलेला आकडाही हिरवाच दिसतो. डावं-उजवं चाक सारखं आणि पट्ट्याच्या मध्याजवळ हवं. आणि एकक नीट बघा. काही मशीन अंशाचे दशांश छापतात, काही अंश आणि मिनिटं. ०°१२′ म्हणजे ०.२ अंश, ०.१२ नव्हे. मी पहिल्या कागदावर हीच चूक केली आणि महिनाभर गाडी झकास आहे असं समजत राहिलो. रोज मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, लाज वाटली.

दुकानातला माणूस वैतागेल, हे गृहीत धरा. मागं दोन गाड्या थांबलेल्या असतात. मी आता गुरुवारी दुपारी जातो, चहा त्याच्यासाठी पण सांगतो आणि मशीनच्या पडद्याजवळ उभा राहतो.

अदलाबदल

पुढं-मागं वेगळी मापं असतील तर टायर पुढचे मागं जातच नाहीत. "दर ५,००० ला रोटेशन करा" हा सल्ला तुमच्या गाडीसाठी नाही. चारही सारखे असतील तर जरूर करा. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावे डावीकडंच, फक्त पुढं-मागं.

चालवणं

सरळ हायवेवर पुण्याला जाऊन आलं तर झीज मोजताही येत नाही. गगनबावड्याकडं सकाळी जोरात गेलात तर ती दिसते, कारण वळणावर आडवा जोर जसा वाढतो, त्यापेक्षा कितीतरी वेगानं झीज वाढते. सिग्नलला मागची चाकं फिरवून दाखवायची हौस असेल तर ती खुशाल करा, पण नंतर टायर कंपनीला शिव्या देऊ नका. एप्रिल-मेच्या तापलेल्या डांबरावर रबर जास्त जातं, पावसात कमी. ओला रस्ता टायर वाचवतो, तुम्हाला नाही.

ट्रॅकवर चित्र उलटं होतं. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर एक दिवस काढून आलो तेव्हा पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा खाल्लेल्या होत्या आणि आतल्या शाबूत. म्हणून ट्रॅकला जाणार असाल तर आधी आणि नंतर मोजा, नाहीतर रस्त्यावरची झीज आणि ट्रॅकवरची झीज एकमेकांत मिसळते आणि टो चुकलाय की नाही ते कळतच नाही.

नवे घेताना

अनेक टायरच्या बाजूवर ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल त्याचा, आकडा असतो: २००, ३००, ५००. अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपासच्या रस्त्यांवर ठरावीक मार्गानं ७,२०० मैल गाड्या चालवून, १०० धरलेल्या प्रमाण टायरशी तुलना करून तो ठरतो. आकडा कंपनी स्वतःच देते. त्यामुळं एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला तो बरा, दोन कंपन्यांची तुलना करायला फारसा नाही. ३०० आहे म्हणून ३०,००० किलोमीटर जातील, असलं गणित तर अजिबात नाही. २०० च्या खालचे, जवळजवळ खाचाच नसलेले टायर रस्त्यासाठी घेऊ नका. आपल्याकडं जूनपासून पाऊस सुरू होतो, आणि गगनबावड्यात तो कसा कोसळतो ते पाहिलेला माणूस त्या टायरवर तिकडं जाणार नाही.

तारीख बघा. बाजूवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: १४२५ म्हणजे २०२५ चा १४वा आठवडा. फार जुना माल स्वस्तात देत असतील तर सोडून द्या. पडून राहिलेलं रबर कडक होतं, मग नक्षी पूर्ण दिसली तरी पकड गेलेली असते. अशा गाड्या वर्षाला तीन-चार हजारच चालतात, म्हणून काही टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

जोडी बदलायची तर मे महिन्यात, मृगाच्या आधी. दुकानातून निघण्यापूर्वी, टायर अजून चमकत असताना, सहाही मापं वहीत लिहा आणि शेजारी ओडोमीटरचा आकडा टाका. घरी येऊन लिहितो म्हटलं की ते राहतंच.